दुपट्ट्याखालचा हात

"तिथे तुम्ही तोंड उघडायचं नाही. एकदाच सांगून राहिले, पुन्हा सांगणार नाही," यमुताई म्हणाल्या, आणि काटोल नाका येईपर्यंत तेच त्यांनी आणखी तीन-चारदा सांगितलं.

गाडी नूपुर चालवत होती. शेजारी तिचे वडील, म्हणजे निवृत्त प्राध्यापक विश्वनाथ, परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून निघाल्यासारखा चेहरा करून बसले होते. मागच्या सीटवर यमुताई आणि त्यांच्या मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. संत्र्याच्या बागवानाकडे संत्रा बर्फी कोण नेतं, असं नूपुरने निघताना विचारलं होतं. पण ती विश्वनाथांनी आणली होती, तेव्हा विचारण्यात काही अर्थ नव्हता.

"मग मी तिथे बोलू तरी काय?" विश्वनाथांनी विचारलं.

"काही नका बोलू. हसा. पोहे खा. कोणी हात पुढे केला तर प्रेमाने धरा, जरा दाबून धरा. मागच्या पाहुण्यांच्या हातात तुम्ही ओल्या फडक्यासारखा हात दिला होता."

"आणि मुलाच्या शिक्षणाबद्दल..."

"शिक्षण हा शब्दसुद्धा नको."

यमुताई उगाच एवढ्या चिडलेल्या नव्हत्या. नूपुरची दोन चांगली स्थळं त्यांच्या डोळ्यांदेखत हातची गेली होती. पहिला मुलगा इंजिनिअर. त्याला विश्वनाथांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारलं, "महागाई का वाढते?" तो बिचारा पेट्रोलमुळे म्हणाला. मग यांनी कागदी रुमालावर मागणी-पुरवठ्याचे वक्र काढले, ते समजावले आणि शेवटी "समजलं का?" असं मुलाच्या आईलाही विचारलं. दुसरा बँकेत होता. त्याला बँक म्हणजे काय हेच माहीत नाही, असं विश्वनाथांनी त्याच्याच काकांच्या देखत सिद्ध करून दाखवलं. दोन्हीकडून पुन्हा फोन आला नाही.

त्यानंतर नूपुरने आपलं आपण पाहिलं. संत्र्याच्या झाडांवरच्या रोगावर ती पीएच.डी. करत होती. त्यासाठी पानं गोळा करायला काटोलला जाऊ लागली, आणि पानांबरोबर बागवानाचा मुलगाही तिला पसंत पडला. जितेंद्र त्याचं नाव. मुलगा गुणी, बोलायला गोड, बापाचा सगळा व्यवहार सांभाळणारा. खोट एकच. त्याने बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. विश्वनाथांनी सारा जन्म बी.कॉम.च्या पोरांना अर्थशास्त्र शिकवण्यात घालवला होता. बी.कॉम. मधेच सोडणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने भरल्या ताटावरून उठणं होतं.

"बाबांनी तिथे त्याची तोंडी परीक्षा घेतली ना," नूपुरने आईला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "तर मी कुणाशीच लग्न करणार नाही. कायमची तुमच्याचकडे राहीन."

ही धमकी यमुताईंच्या जिव्हारी लागली होती. या घरात एक विश्वनाथ पुरे होते.

बरं, माणूस खरंच बाजार कोळून प्यायलेला असता तर गोष्ट वेगळी. बाजार या विषयावर विश्वनाथांचं जाडजूड पाठ्यपुस्तक होतं आणि ते कॉलेजात लागलंही होतं. पण प्रत्यक्ष बाजारात त्यांना पाठवायची सोय नव्हती. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणा म्हटलं, की भाजीवालीची सकाळपासून न खपलेली जुडी नेमकी यांच्या पिशवीतून घरी यायची. सीताबर्डीच्या फुटपाथवरून त्यांनी एकदा छत्री आणली. ती घरी येऊन उघडली, ती पुन्हा मिटली नाही. शेवटी दारातून आत येत नाही म्हणून ती बाहेरच ठेवावी लागली.

काटोलला जितेंद्रचे वडील, रामाजी, अंगणातच उभे होते. त्यांनी चौथीतच शाळेला रामराम ठोकला होता. त्याचा त्यांना पश्चात्ताप तर नव्हताच, उलट आपल्याबरोबरची जी पोरं पाचवीत गेली ती पुढे नोकऱ्या करत वाया गेली, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी दोन्ही हात जोडले. विश्वनाथ हसले. रामाजींनी प्रवासाचं विचारलं. विश्वनाथ हसले. रामाजींच्या बायकोने, शोभाताईंनी, तर्री घातलेले पोहे पुढे केले, तेव्हा विश्वनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तर्रीमुळे, आणि त्यातूनही ते हसले. यमुताईंच्या जिवात जीव आला.

"सर, आज बागेचाही सौदा ठेवला हाये," रामाजी म्हणाले. "आंबिया बहार, म्हंजे यंदाची सारी फळं, झाडावरच द्याचा हाये. म्हटलं, पाहुण्यायच्या पायगुणानं भाव बी चांगला येईन, अन् तुमाले आमचा व्यवहारही पाहाले भेटन. नूपुर सांगत होती, तुमी बाजारावर पुस्तक लिवलं म्हणून."

खरं म्हणजे रामाजींना एका दगडात दोन पक्षी मारायचे होते. बागेत व्यापाऱ्यांची गर्दी पाहून शहरातले व्याही दबकतील असा त्यांचा हिशेब होता. विश्वनाथांनी तोंड उघडलं, पण यमुताईंनी खाकरताच ते मिटलं.

सगळे बागेत गेले. झाडं हिरव्यापिवळ्या फळांनी वाकली होती. एका मोठ्या झाडाखाली सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर गावातले चार-पाच व्यापारी आणि बाहेरगावचा एक गोरापान शेठ बसले होते. रामाजींनी विश्वनाथांना मानाने शेठच्या शेजारी, लोडाला टेकून बसवलं. बायकांसाठी विहिरीजवळ खाट टाकली होती. मुलांनी एकमेकांशी बोलून घ्यावं म्हणून नूपुर आणि जितेंद्रला बागेच्या दुसऱ्या टोकाला पाठवण्यात आलं. दोघं दोन वर्षांपासून रोज बोलत होते, पण रीत ती रीत.

"आप भी माल देखने आये?" शेठने विश्वनाथांना विचारलं.

विश्वनाथ हसले.

"कौनसी मंडी के हो?"

विश्वनाथांनी मान डोलावली आणि वर झाडाकडे पाहिलं. पुढच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. शेठनेही दचकून वर पाहिलं.

मग खांद्यावर दुपट्टा टाकलेला दलाल उठला. तो एकेकाच्या समोर बसायचा, दुपट्टा दोघांच्या हातांवर पसरायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा, डोळ्याला डोळा लावायचा आणि पुढच्याकडे सरकायचा. कुणी अवाक्षर काढत नव्हतं. खाटेवरून यमुताई हे कौतुकाने पाहत होत्या. पाहुण्यांचं स्वागत करायची काय शालीन पद्धत आहे, असं त्यांना वाटलं. दलाल विश्वनाथांसमोर बसला. विश्वनाथांनी एकदा बायकोकडे पाहिलं. तिची सूचना त्यांना आठवली हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांनी दुपट्ट्याखाली दलालाचा हात प्रेमाने दाबला. दलालाच्या भुवया वर गेल्या. त्याने खात्री करून घ्यायला हात तसाच ठेवला, तेव्हा विश्वनाथांनी आणखी प्रेमाने दाबला.

दलाल उठला, काहीतरी बोलला आणि त्याने विश्वनाथांच्या हातात नारळ आणि गुळाचा खडा ठेवला. शेठ ताडकन उठून आपल्या गाडीकडे चालता झाला. रामाजी मात्र जागच्या जागी आ वासून बसले होते.

नारळ पाहिला आणि यमुताईंचे डोळे भरून आले. दोन स्थळं घालवलेल्या माणसाने तिसऱ्या वेळी तोंड बंद ठेवलं आणि पोरीचं सोनं केलं. त्यांनी शोभाताईंचा हात धरला.

"झालं हो शोभाताई. गोड झालं एकदाचं."

"हो न वं ताई. पन येवढ्या लवकर होईन असं वाटलं नोतं," शोभाताई म्हणाल्या. "सर त मोठे हिमतीचे निघाले."

"त्यांची कसली हिंमत? मी गाडीतच बजावलं होतं. हात पुढे आला की दाबून धरायचा म्हणून."

शोभाताईंनी त्यांच्याकडे नव्याच आदराने पाहिलं. "म्हणजे तुमीच सांगतलं? घरूनच ठरवून आल्ते?"

"मग? मुलीच्या आईला ठरवूनच यावं लागतं."

"बरं, मंग तोडाई कवा करता?"

"तोडाई?"

"संत्र्याची. मजूर तुमचे तुमीच आनसान न? का आमच्याकडचे पायजेत?"

यमुताईंना काहीच उमगलं नाही. मग शोभाताईंनी समजावून सांगितलं. भाव चारचौघांत बोलायचा नाही, ही इथली जुनी रीत. दुपट्ट्याखाली जेवढी बोटं दाबली, तेवढा भाव. ज्याचा भाव सगळ्यात वर, त्याच्या हातात दलाल नारळ-गूळ ठेवतो आणि बहार त्याचा होतो. आता बाजार समितीत उघडा लिलाव होतो, मोबाइलवर भाव येतात, पण रामाजींच्या बागेत अजून दुपट्टाच चालतो.

"म्हणजे यांनी..."

"बाग घेतली तुमच्या सरांनी. अन् भाव बी असा देल्ला का शेठ उठूनच गेला."

"आणि समजा," यमुताईंनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणी मग नाही म्हटलं तर?"

"दुपट्ट्याखालचा शब्द? बाप्पा! माह्या जावेच्या भावानं एकदा फिरवला. याइनं त्याच्या घरची सोयरीकच तोडून टाकली. अजून आमच्या घरी त्याले कोनी पानी नाई पाजत."

यमुताई उठल्या आणि नवऱ्याला एका झाडामागे घेऊन गेल्या. विश्वनाथ खुशीत होते. गूळ त्यांनी तेवढ्यात अर्धा खाल्लाही होता.

"काय केलंत तुम्ही?"

"हस्तांदोलन."

"किती बोटं दाबलीत?"

"सगळी. दाबून धरा असं तूच म्हणालीस."

"एकदाच ना?"

"दोनदा. त्याने हात सोडला नाही, म्हटलं प्रेमळ माणूस आहे."

यमुताईंनी कपाळाला हात लावला आणि सगळा प्रकार सांगितला. विश्वनाथांच्या तोंडातला गूळ कडू झाला. नारळ आणि उरलेला गूळ त्यांनी तिथेच झाडाच्या बुंध्याशी टाकला. क्षणभर त्यांच्या डोळ्यांसमोरून भविष्य निर्वाह निधी तरंगत गेला. पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्यातला प्राध्यापक जागा झाला.

"पण हा करारच होत नाही. करार कशाचा आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असावं लागतं. अगदी पहिल्या वर्षाचा भाग आहे. मी रामाजींना दोन मिनिटांत समजावून..."

"खबरदार. तुम्ही समजावलंत की पोरीचं लग्न मोडलं म्हणून समजा."

"आणि नाही समजावलं तर ती सगळी संत्री कोण खाणार? मला निदान एवढं तरी कळू दे, मी भाव किती बोललो?"

"दलालाला विचारा."

"कसं विचारू? बोललो तर मीच ना."

हे मात्र खरं होतं. यमुताईंना रडू येईना आणि ओरडताही येईना. उभा जन्म या माणसाला त्या गप्प बसा म्हणत आल्या होत्या. आज तो पहिल्यांदा गप्प बसला आणि गप्प बसल्या बसल्या बाग घेऊन मोकळा झाला. आणि हात दाबायची अक्कल आपणच शिकवली होती, त्यामुळे धड भांडायचीही सोय उरली नव्हती.

"तुम्ही जाऊन बसा तिथे," त्या शेवटी म्हणाल्या. "मी काहीतरी विचार करते. तोवर बोलू नका, हसू नका, आणि देवाची शपथ आहे, कशालाही हात लावू नका."

विश्वनाथ जाऊन बसले. तेवढ्यात तो शेठ गाडीपाशी जाऊन परत आला. त्याचे ट्रक ठरलेले होते, त्याला माल हवाच होता, आणि एवढी फळं धरलेली दुसरी बाग जवळपास नव्हती. घ्यायचा तर तो आता विश्वनाथांकडूनच घ्यावा लागणार होता. त्याने दलालाचा दुपट्टा मागून घेतला, विश्वनाथांना खेटून बसला आणि त्यांना काही समजायच्या आत त्यांचा हात दुपट्ट्याखाली ओढला.

लांबून यमुताई मान हलवून नको, नको म्हणून खुणावत होत्या.

पण विश्वनाथ आता शहाणे झाले होते. एकही बोट हलवायचं नाही, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. विंचवाच्या बिळात हात गेलेल्या माणसासारखे ते ताठ बसले आणि त्यांनी नजर वर फांद्यांत खिळवली. शेठने काही बोटं दाबली. विश्वनाथ ढिम्म. शेठने आणखी दाबली. विश्वनाथांनी डोळे मिटले. ते मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते.

"साब, थोडा तो हिलो," शेठ म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

साहेब हलले नाहीत. शेठने रुमालाने कपाळ टिपलं, दलालाकडे पाहिलं, रामाजींकडे पाहिलं आणि पुन्हा हाताशी खटपट केली. एव्हाना विश्वनाथांच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. शेवटी असह्य होऊन त्यांनी हात बाहेर ओढला आणि आता पुरे, या अर्थाने शेठला कोपरापासून नमस्कार केला.

"छोड़ दी! साब ने छोड़ दी," शेठ म्हणाला आणि सुटकेचा निःश्वास टाकून लोडावर कलंडला. दलालाने शेठच्या हातात नवा नारळ ठेवला आणि मग वाकून रामाजींच्या कानात भाव सांगितला. रामाजींनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

मग ते उठले, विश्वनाथांजवळ आले आणि त्यांनी विश्वनाथांना घट्ट मिठी मारली.

"सर, या धंद्यात माहे केस पांढरे झाले, पन असा मानूस नाई पाह्यला गा! शेठनं किती दाबलं, अन् तुमी देवळातल्या नंदीसारखे बसून राह्यले. भाव कुठच्या कुठं नेला, मधातला नफा तुमचा होता, पन सोतासाठी एक पैसा नाई ठेवला. हे कुठं शिकले तुमी?"

यमुताई धावत येत होत्या. त्यांनी नवऱ्याला दुरूनच डोळ्यांनी दटावलं. पण सकाळपासून कोंडलेला माणूस, त्यात समोर कौतुक. विश्वनाथांना राहवलं नाही.

"रामाजी," ते म्हणाले, "हे पुस्तकात मिळत नाही. बाजार अंगातच असावा लागतो. पदवीने काय होतं?"

यमुताई होत्या तिथेच थबकल्या. ज्या माणसाने एका पदवीपायी सहा महिने घर डोक्यावर घेतलं होतं, तो हे बोलत होता.

"असं नोका बोलू सर," रामाजी म्हणाले. "तुमी शिकले म्हणूनच हे जमलं. आमी अडानी मानसं भाव बोटानं बोलतो, तुमी डोक्यानं बोलले. मले आज समजलं, शिक्षन काय असते ते."

"छे, शिक्षणाने माणूस बोलका होतो, आणि बोलका माणूस बाजारात फसतो. मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो."

तेवढ्यात नूपुर आणि जितेंद्र परतले. रामाजींनी मुलाला जागेवरच उभं केलं.

"जितू, तू पह्यले बी.कॉम. पुरं कर. तोवर लग्न नाई."

"काहून बाबा?" जितेंद्र गोंधळून म्हणाला. "त्याइची काही हरकत हाये का?"

"त्याइची नाई, माही हाये. असा सासरा, अन् जावई बारावी पास? लोकं तोंडात शेण घालतीन माह्या."

"काही गरज नाही बी.कॉम.ची," विश्वनाथ आवाज चढवून म्हणाले. "मुलगा आहे तसा मला पसंत आहे."

"तुमाले असन सर, मले नाई!"

दोघं सतरंजीवर समोरासमोर बसले आणि हमरीतुमरीवर आले. चौथी पास माणूस पदवीचं महत्त्व सांगत होता आणि पाठ्यपुस्तकाचा लेखक शाळा-कॉलेजं बंद करा म्हणत होता. शेठ दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. हाही भाव वाढवायचाच काही प्रकार असावा, असं त्याला वाटत असावं.

"आई, बाबा बोलले का काही?" नूपुरने हळूच विचारलं.

"बोलले नाहीत, तोवरच बरं चाललं होतं," यमुताई म्हणाल्या.

त्यांचं डोकं भणभणत होतं. शिक्षणावरून हे तिसरं स्थळ मोडायला निघालं होतं, आणि या खेपेला तर मुलाला नापास करायला खुद्द त्याचा बाप उभा होता. या दोघांना कुणी समजावायचं? एकाने पुस्तकं वाचली, एकाने बाजार पाहिला, आणि समोर लग्नाची दोन पोरं ताटकळत उभी आहेत हे दोघांनाही दिसत नव्हतं. यमुताई वळल्या आणि खाटेकडे जाऊन शोभाताईंच्या शेजारी बसल्या.

"शोभाताई, एक विचारू? दुपट्ट्याखालचा शब्द तुमच्याकडे फिरत नाही ना?"

"मुळीच नाई."

"आणि पदराखालचा?"

शोभाताईंनी सतरंजीकडे पाहिलं. तिथे रामाजी बी.कॉम.नंतर एम.कॉम.ही करायला हवं या मुद्द्यावर पोचले होते. शोभाताईंनी जितेंद्रचा पडलेला चेहरा पाहिला, नूपुरचा पाहिला. मग त्यांनी खाटेवर जरा सरकून घेतलं.

"पदर त दुपट्ट्याहून मोठाच असते वं ताई," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

यमुताईंनी दोघींच्या हातांवर पदर ओढला. लग्न किती महिन्यांनी, एवढाच भाव ठरायचा होता. यमुताईंनी दोन बोटं दाबली. शोभाताईंनी त्यातलं एक हळूच मिटवून टाकलं. म्हणजे एकच महिना, तुळशीचं लग्न लागलं की लगेच. यमुताईंनी उरलेलं बोट घट्ट धरलं. मग नवऱ्याने टाकून दिलेला नारळ उचलून आणून नूपुरच्या ओंजळीत घातला आणि त्याच्या शेजारी राहिलेला अर्धा गूळ शोभाताईंबरोबर वाटून खाल्ला.

सतरंजीवर अजून कुणीच हार मानली नव्हती.

"आई, हा नारळ कशाचा?" नूपुर म्हणाली. "काय ठरलं?"

"हळू," यमुताई म्हणाल्या. "इथे मोठ्याने बोलायची रीत नाही."